गळ, दोरा आणि भरवशाचे रीळ

मंडीदीप या नावाचा उत्तरार्ध 'द्वीप' या शब्दापासून आला, असे तिकडे सांगतात. आज भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या महामार्गावर वीस-बावीस किलोमीटर गेले की लागणारे हे गाव म्हणजे कारखान्यांची एक लांबच लांब रांग आहे. बेट म्हणावे असे तेथे काहीही दिसत नाही. परंतु अकराव्या शतकात परमार राजा भोज याने जवळच्या भोजपूर येथे बांध घालून जो अफाट तलाव केला, त्याच्या पाण्यातून वर राहिलेला हा उंचवटा होता, ही समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये त्या तलावाचा विस्तार अडीचशे चौरस मैलांहून अधिक असावा असे लिहिले. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला, तलाव आटला आणि तळाची काळी जमीन नांगराखाली आली. गंमत अशी की, ज्याने एवढे पाणी घालवले त्याचेच नाव नर्मदेकाठच्या होशंगाबादला मिळाले आणि ते २०२२ पर्यंत टिकले. त्या वर्षी गावाचे नाव नर्मदापुरम झाले.

तलाव गेला तरी पाणी गेले नाही. कालिदासाने जिला वेत्रवती म्हटले ती बेतवा मंडीदीपजवळूनच वाहते. उत्तरेस हलालीचा जलाशय आहे, पूर्वेस बारणा आहे, दक्षिणेस तासा-दीड तासाच्या अंतरावर साक्षात नर्मदा आणि तिला येऊन मिळणारी तवा आहे. कारखान्यातील आठवड्याची पाळी संपवून सुट्टीच्या पहाटे काठी व डबा घेऊन पाण्याकडे निघणारा माणूस या टापूत नवलाचा नाही. त्याच्या खांद्यावर पूर्वी बांबूची काठी असे आणि हातात दोरा गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. आता काठी कर्बतंतूंची झाली आहे आणि तिच्यावर एक लहानसे, चकचकीत, घड्याळाइतके नाजूक यंत्र बसले आहे. दुकानदार त्याला 'बेटकास्टिंग रीळ' म्हणतो. त्याची किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि कारखान्यातील कामगाराच्या महिन्याच्या पगारापलीकडे जाऊ शकते. साहजिकच ते घ्यावे की न घ्यावे आणि घ्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही, घरखर्चाच्या वहीत येऊन बसतो.

हे रीळ मुळात जन्मले अमेरिकेत आणि तेही बास नावाच्या माशासाठी. गोड्या पाण्यातील हा काळा बास झाडझाडोऱ्यात दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर अथवा लहान माशावर झडप घालतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने त्याच्यासाठी एक रीळ घडवले. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याचे चाक चार वेळा फिरावे, अशी त्याची दातेरी चक्रे होती. त्याच्यामागून मीक बंधू आले, तेही घड्याळजीच. पुढे १९२१ मध्ये स्वीडनमधील स्वेंग्स्टा या गावी घड्याळांचा म्हणून जो कारखाना निघाला, तो टॅक्सीची मीटरे करू लागला. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सी बंद पडल्या, मीटरांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा तेथील कारागीर रिळांकडे वळले. त्यांच्या आबू कंपनीचे 'अँबेसेडर' हे रीळ १९५२ मध्ये बाजारात आले आणि जगभर गेले. जपानात साकाई येथे १९२१ मध्येच निघालेला शिमानोचा कारखाना प्रथम सायकलींची फ्रीव्हील करीत असे, रिळांकडे तो १९७० मध्ये आला. घड्याळ, मीटर, सायकल! बारीक दात अचूक कापणे ज्यांना साधले त्यांनाच हे यंत्र साधले, एवढे या इतिहासावरून ध्यानी घेण्यासारखे आहे.

बास आपल्याकडे नाही आणि तो नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. जपानने १९२५ मध्ये तो आशी सरोवरात आणून सोडला आणि पुढे त्याने तेथील मूळच्या माशांचा इतका फडशा पाडला की, २००५ पासून तो पाळण्यावर व सोडण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. बासचे सारे गुण आपल्या मरळीत आहेत. तीही पाणवनस्पतींच्या आड दबा धरते, पृष्ठभागावर येऊन हवा घेते आणि रबरी बेडूक तिच्या डोक्यावरून सरकला तर पाणी फुटावे तशी उसळते. दुसरा मासा महसीर. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. तो मरळीसारखा चिखलाचा नव्हे, खळाळत्या, खडकाळ पाण्याचा आहे. नर्मदेवर एकामागून एक धरणे झाली, वाळू उपसली गेली आणि वाहते पाणी साचते झाले, तशी त्याची संख्या रोडावत गेली. हे दोन मासे आणि त्यांचे दोन स्वभाव ज्याला ठाऊक आहेत, त्याची रिळाची निवड निम्मी झाली असे समजावे.

आता यंत्राकडे वळले पाहिजे. सर्वसाधारणपणे जे रीळ काठीखाली लोंबते, त्यातील दोऱ्याचे चाक फेकताना फिरत नाही. शिवणयंत्राजवळ उभ्या ठेवलेल्या शंकूवरून दोरा सुटावा तसा त्यावरून दोरा वळसे टाकीत निघून जातो. ते शिकायला सोपे, किमतीला बेताचे आणि हलक्या आमिषाला उत्तम. बेटकास्टिंग रीळ काठीच्या वर बसते आणि त्याचे चाक दोऱ्याबरोबर स्वतः गरगर फिरते. दोरा सरळ सुटतो, त्यास पीळ बसत नाही, जाड व बळकट दोरा वापरता येतो आणि अंगठा चाकावर असल्यामुळे आमिष नेमक्या जागी थांबवता येते. पाणकणसाच्या दोन झुबक्यांमधील हातभर मोकळ्या पाण्यात बेडूक उतरवायचा असेल तर याच्यासारखे साधन नाही.

परंतु याच्यात एक खोड आहे. विहिरीवर रहाटाने रिकामी बादली सोडताना ज्यांनी कधी पाहिले असेल त्यांना ती लगेच कळेल. बादली पाण्याला टेकली तरी रहाट वेगात फिरतच राहतो, दोर सैल होतो आणि त्याचे वेटोळे अंगावर येते. रिळाचेही तसेच होते. फेकलेल्या आमिषाचा वेग हवेत कमी होतो, पण चाक आपल्याच तोऱ्यात फिरत राहते. क्षणार्धात दोऱ्याचा असा गुंता होतो की जणू पक्ष्याने घरटे बांधले आहे. मग काठावर बसून सूर्य वर येईपर्यंत तो सोडवत बसावे, नाही तर चाकू काढावा.

हा गुंता टाळण्यासाठी रिळात तीन योजना असतात. चाकाच्या टोकाशी एक लहान टोपण असते. ते आवळले की चाक थोडे जड होते. आमिष काठीच्या शेंड्याशी लोंबते सोडून हे टोपण असे बसवावे की, आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच चाक थांबेल. दुसरी योजना ब्रेकची, आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात चाकाच्या वेगाबरोबर लहान गुटके बाहेर फेकले जाऊन कड्यावर घासतात, म्हणजे वेग जास्त तेव्हाच ब्रेक जास्त लागतो. दुसऱ्यात लोहचुंबके असतात. ॲल्युमिनियमचे चाक त्यांच्यासमोर फिरले की धातूत विजेचे सूक्ष्म भोवरे उठतात आणि काहीही न घासता वेग आवरला जातो. यात बाहेरूनच बोटाने कमी-अधिक करता येते, म्हणून नवशिक्याला चुंबकाचा ब्रेक बरा. तिसरी योजना कोणताही कारखाना विकत नाही. ती म्हणजे माणसाचा अंगठा. तो तयार व्हायला महिना-दोन महिने जातात आणि तेवढे दिवस फेक लांब जाण्याची अपेक्षा ठेवू नये हेच खरे.

मात्र दुकानात भरवशाचे रीळ म्हणून जे पुढे केले जाते, त्याची भलामण बहुधा भलत्याच गुणांवरून होते. डबीवर बेअरिंगांची संख्या मोठ्या आकड्यांत छापलेली असते. दहा, बारा, चौदा! त्यातील चार-सहा मुठीच्या बोंडांत बसवलेली असली तरी तीही मोजली जातात. चाकाच्या दोन्ही टोकांची आणि मुख्य दातेरी दांड्याची बेअरिंगे चांगली असली की चार पुरतात. हलक्या प्रतीची बारा असण्यात बारा ठिकाणी गंज चढण्याची सोय होते, यापलीकडे काही साधत नाही. दुसरा आकडा गतीचा. पाचास एक, सहास एक, सातास एक, असे जे सांगितले जाते ते मुठीच्या एका फेऱ्यात चाक किती फिरते त्याचे प्रमाण होय. मरळीला झाडोऱ्यातून चटकन वर ओढून काढायचे असते, तेथे सातच्या आसपासचे प्रमाण उपयोगी पडते. प्रवाहातल्या महसीरशी मात्र झुंज लांबते आणि तेथे बळ लागते, वेग नव्हे. त्यासाठी पाच किंवा सहा. सायकल चढणीवर कोणत्या चक्रावर चढते हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक समजावण्याची जरूर नाही.

रीळ भरवशाचे की नाही हे खरे ठरते ते ढील देण्याच्या करामतीवर. पतंग उडवणारा वारा पाहून मांजा ढिला सोडतो, तसेच मोठा मासा जोराने पळू लागला की रिळाने ठरावीक ओढीनंतर आपण होऊन दोरा सोडावा, यासाठी मुठीखाली चांदणीच्या आकाराचे एक चाक असते आणि आत एकावर एक चकत्या रचलेल्या असतात. यालाच ड्रॅग म्हणतात. ट्रॅक्टरच्या क्लचचे तत्त्व येथे मुठीएवढ्या जागेत बसवलेले असते. मंडीदीपमध्ये ट्रॅक्टर बनतात, त्यामुळे तेथील कित्येकांना हे उघडून न पाहताही उमगेल. पूर्वी या चकत्या चामड्याच्या किंवा नमद्याच्या असत. आता चांगल्या रिळांत त्या कर्बतंतूंच्या विणीच्या असतात. पोलादाच्या भट्ट्यांसाठी लागणारे ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड ज्या गावात तयार होतात, त्या गावाला कर्ब उष्णतेला किती सोसतो हे सांगायला नको. चकती तापली तरी चिकटता कामा नये, हाच त्यातील सारा मुद्दा आहे.

चकत्या चिकटल्या म्हणजे काय होते? मासा ओढतो, रीळ अडून बसते, ओढ वाढते, मग एकाएकी हिसका देऊन दोरा सुटतो, पुन्हा अडतो. या हिसक्यांतील एखाद्याला दोरा तुटतो. मासा गेला एवढे दुःख हौशी माणूस घरी आणतो, पण माशाच्या वाट्याला जे येते ते फार वाईट असते. तोंडात रुतलेला गळ आणि मागे फरफटणारा वीस-तीस हात न कुजणारा दोरा घेऊन तो प्रवाहात शिरतो. तो दोरा खडकात अथवा बुडालेल्या झाडात अडकला की, त्या महसीरला ना पुढे जाता येते ना चरता येते. ज्या माशाची संख्या आधीच घटली आहे, त्यातला अंडी घालण्याजोगा एक थोर जीव असा खुंट्याला बांधल्यासारखा मरतो आणि काठावरच्या कोणालाही ते दिसत नाही. अलीकडे पुष्कळ हौशी लोक महसीर धरून, वजन करून, लगेच पाण्यात सोडतात. त्यांची ती भूतदया रिळाच्या चकत्यांवर अवलंबून आहे, हे त्यांतील कितीजण ध्यानात घेत असतील?

याची परीक्षा सोपी आहे आणि ती दुकानातच करता येते. रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा स्प्रिंगकाटा बरोबर न्यावा. दोरा रिळावर गुंडाळून त्याचे टोक काट्याला बांधावे आणि एकाने रीळ धरून दुसऱ्याने सावकाश मागे जावे. दोरा बारा किलो ओढीला टिकणारा असेल तर ड्रॅग तीन ते चार किलोंवर सुटेल असा लावावा, म्हणजे दोऱ्याच्या बळाचा चौथा ते तिसरा हिस्सा. आता काट्याकडे पाहावे. दोरा सुटू लागल्यावर काटा तीन किलोंवर जवळजवळ स्थिर राहिला तर रीळ चांगले. तो आधी साडेचारांवर चढून दोनांवर पडला आणि पुन्हा चढू लागला, तर ते रीळ कितीही चकचकीत असो, परत डबीत घालावे. बहुतेक दुकानदार या परीक्षेस नाखूश असतात, त्यांच्या नाखुशीकडे लक्ष देऊ नये.

यानंतरची पाहणी थोडक्यात. सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर ओढीखाली वाकत नाही. हलक्या प्लॅस्टिकचा वाकला की दातेरी चक्रे एकमेकांपासून सरकतात आणि दाते घासून निघतात. मुख्य चक्र पितळेचे असलेले बरे. मूठ उलटी फिरवून पाहावी, ती किंचितही मागे जाता कामा नये. दोरा चाकावर सारखा पसरवणारा जो लहान कडीवजा भाग इकडून तिकडे सरकत असतो, त्याच्या आत फुली-फुलीचे आटे पाडलेला दांडा आणि त्यात बसणारा एक इवलासा खिळा असतो. सर्वांत आधी झिजतो तो हा खिळा, आणि नर्मदेची वाळू त्याची विशेष वैरी आहे. मूठ डाव्या बाजूची घ्यावी की उजव्या, हे हाताच्या सवयीवर सोडावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. तो खिळा, त्या चकत्या आणि उलट फिरणे अडवणारे बेअरिंग, हे तीन सुटे भाग दुकानदाराकडे मिळतील काय? मिळत नसतील तर ते रीळ दोन पावसाळ्यांचे सोबती आहे असे धरून चालावे. जुन्या गोल घडणीची रिळे दिसायला ओबडधोबड वाटतात, वजनाला जड असतात, पण चार मळसूत्रे काढली की सगळी उघडतात आणि कोणत्याही फिटरला दुरुस्त करता येतात. मंडीदीपसारख्या गावी, जेथे दर दुसऱ्या घरात पाना-पेचकस आहे, तेथे नव्या चपट्या रिळांपेक्षा हीच अधिक शहाणपणाची ठरावीत. ज्यांचा हात लहान आहे त्यांना ती धरायला अवघड जातील, हे मात्र खरे.

ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना या रिळाची मुळीच गरज नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मुंबईत १८९१ मध्ये बांधलेल्या पवईच्या तलावावर, किंवा कोणत्याही गावतळ्यावर, कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्याची वाट पाहत बसणारा जो शांत संप्रदाय आहे, त्याला साधे लोंबते रीळ पुरते. बेटकास्टिंग रिळाला सात-आठ ग्रॅमहून हलके आमिष नीट फेकता येत नाही, आणि कणकेचा गोळा झटक्याने फेकला तर गळ एकीकडे व कणीक दुसरीकडे जाते. हा संप्रदाय काही कालचा नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरणच गळाच्या मासेमारीला दिले आहे आणि कोणत्या माशाला कसले आमिष रुचते याचा त्यात ऊहापोह आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. राजाला माशांची रुची कळत होती आणि जवळजवळ नऊशे वर्षांनंतरही ते ज्ञान कोणत्याही यंत्राहून अधिक मासे देते.

रीळ चांगले मिळाले तरी पाणी कोणते, हा प्रश्न उरतोच. घरापासून सर्वांत जवळची म्हणून बेतवेवर जावे, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मंडीदीप ते विदिशा हाच पट्टा आलेला आहे. रिळाच्या चकत्यांना हिसका नसावा म्हणून एवढी काळजी घ्यायची आणि ज्या पाण्यात मासा सोडायचा ते पाणीच आजारी असावे, हा विरोधाभास तेथील कामगाराला काठावर उभे राहिल्याबरोबर नाकाने कळतो. तेथे धरलेला मासा घरी शिजवावयास नेऊ नये. मंडीदीपच्या पाठीशी असलेले रातापानीचे रान २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. त्या हद्दीतील पाण्यात गळ टाकण्याचा विचारही करू नये. मोठ्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा सहकारी संस्थांकडे दिलेले असतात, तेव्हा परवानगी विचारूनच बसावे. त्या जाळेवाल्यांची ती भाकरी आहे, हौशी माणसाचा तो रविवार आहे.

मरळीच्या बाबतीत एक पथ्य अधिक आहे. पावसाच्या सुमारास पृष्ठभागावर लालसर पिलांचा एक झुबका हलताना दिसतो आणि त्याच्याखाली आईबाप पहारा देत असतात. त्या झुबक्यावर बेडूक टाकला तर मरळ हमखास झडप घालते, भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. असा मासा धरणे अत्यंत सोपे आहे, म्हणूनच त्यात काही पुरुषार्थ नाही. पालक गेले की तो झुबका इतर माशांच्या पोटात जातो.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ नद्या आणि जलाशयांतील मासेमारीला बंद असतो. माशांच्या विणीचे हे दोन महिने रिळाच्याही उपयोगाचे आहेत. ड्रॅगचे चांदणी-चाक पूर्ण सैल करून ठेवावे, म्हणजे चकत्या दाबून बसत नाहीत. पावसाच्या एखाद्या दुपारी ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरावे, रीळ उघडावे आणि निघालेला एकेक भाग निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जावा. दातेरी चक्रांना वंगणाची पातळ बोटभर फिरवणी, बेअरिंगांना तेलाचा एकेक थेंब, त्या इवल्याशा खिळ्याला ब्रशने झाडून नवे वंगण. तो झिजला असेल तर जवळ आणून ठेवलेला दुसरा बसवावा. मग उजवीकडून डावीकडे, उलट क्रमाने, सर्व पुन्हा जोडावे. कागदावर एखादी चकती शिल्लक राहिली, तर रीळ पुन्हा उघडावे.